तीन मतांचे आधिक्य : पार्लमेंटातील दादाभाई

इसवी सन १८९२ च्या जुलै महिन्यात लंडन शहरातील सेंट्रल फिन्सबरी या मतदारसंघाची निवडणूक झाली. लिबरल पक्षाच्या उमेदवारास २,९५९ आणि हुजूर पक्षाचे कॅप्टन पेंटन यांस २,९५६ मते पडल्याचे अखेर ठरले. पहिल्या मोजणीत पाच मतांचे दिसलेले आधिक्य फेरतपासणीत तिनावर आले. हे लिबरल उमेदवार म्हणजे मुंबईचे दादाभाई नौरोजी होत. ‘नॅरो मेजॉरिटी’ म्हणजे निसटते मताधिक्य. त्या शब्दांशी नौरोजी या नावाचे ध्वनिसाम्य असल्यामुळे लंडनच्या लोकांना एक आयती कोटी सापडली, आणि पुढे कित्येक दिवस ती लोकांच्या तोंडी राहिली.

विनोद सोडून दिला, तरी या तीन मतांत एक गंभीर प्रश्न दडलेला होता. पार्लमेंटात जाणारा सभासद कोणाचा प्रतिनिधी असतो? फिन्सबरीतील ज्या तीन हजारांच्या आतबाहेर लोकांनी दादाभाईंना मते दिली, त्यांचे प्रतिनिधित्व तर त्यांच्याकडे आलेच. परंतु १८९१ च्या खानेसुमारीप्रमाणे हिंदुस्थानात अठ्ठावीस कोटींहून अधिक माणसे राहत होती, आणि त्यांच्यावर अंतिम सत्ता चालविणाऱ्या त्या सभेत त्यांतील एकालाही मत नव्हते. मत ज्यांनी दिले ते इंग्रज कारागीर. आशा ज्यांनी धरली ते मत नसलेले हिंदी लोक. शिवाय दादाभाई ज्या पारशी समाजात जन्मले, त्याची त्या काळची संख्या सुमारे नव्वद हजार. स्वदेशात ते अल्पसंख्य, विलायतेत ते परके, आणि ६७० सभासदांच्या कॉमन्स सभेत हिंदुस्थानच्या वतीने उभे राहणारे ते एकटे हिंदी. अशा मनुष्याच्या हातून त्या सभेत काय होण्यासारखे होते, आणि काय झाले, हे पाहण्याजोगे आहे.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजी एका गरीब पारशी पुरोहिताच्या घरी झाला. ते चार वर्षांचे असतानाच वडील वारले, आणि आई माणेकबाई यांनी मोठ्या कष्टाने त्यांना वाढविले. त्या काळी एल्फिन्स्टन विद्यालयात शिक्षण मोफत मिळे. तसे ते नसते, तर या मुलाचे शिक्षण झालेच नसते, आणि ही गोष्ट ते आयुष्यभर विसरले नाहीत. लोकांच्या पैशावर आपण शिकलो, म्हणून आपले आयुष्य लोकांच्या कामी लागले पाहिजे, असा त्यांचा साधा हिशेब होता. त्याच विद्यालयात ते गणित व पदार्थविज्ञान यांचे प्राध्यापक झाले. त्या जागेवर नेमले गेलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. १८४९ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत मुलींच्या मराठी व गुजराती शाळा काढल्या, तेव्हा घरोघर फिरून मुली गोळा कराव्या लागत आणि पुष्कळ दारांतून बोलणी खाऊन परतावे लागे. पुढे निवडणुकीच्या निमित्ताने लंडनच्या गल्ल्यांतून दारोदार हिंडण्याचा प्रसंग आला, तेव्हा हा जुना सराव त्यांच्या उपयोगी पडला असेल.

१८५५ साली कामा कंपनीच्या पेढीतर्फे ते विलायतेस गेले. पेढीत अफू व मद्य यांच्या व्यापारातील नफा घ्यावा लागतो हे मनास न पटल्यामुळे ती भागीदारी त्यांनी सोडून दिली. विलायत मात्र सुटली नाही. तेथे बसून ते आकडे जमवू लागले. हिंदुस्थानातून दरसाल किती संपत्ती बाहेर जाते, तिच्या बदल्यात काय येते, एका माणसाच्या वाट्यास वर्षाचे उत्पन्न किती पडते, या प्रश्नांची उत्तरे त्यांनी सरकारच्याच कागदपत्रांतून काढली. हिंदी मनुष्याचे सरासरी वार्षिक उत्पन्न वीस रुपये आहे, हा त्यांचा निष्कर्ष १८७६ च्या निबंधात प्रसिद्ध झाला. त्यावर सरकारी अधिकारी रागावले, पण तो सोडूनही देता येईना. कारण त्याचा आधार सरकारी पुस्तकांतच होता.

मग आकड्यांच्या या उपासकास निवडणुकीच्या धकाधकीत पडण्याची बुद्धी का झाली? याचे उत्तर तत्कालीन राज्यव्यवस्थेत आहे. १८५८ साली कंपनीचा कारभार संपला आणि हिंदुस्थानची जबाबदारी भारतमंत्र्याकडे आली. भारतमंत्री पार्लमेंटास जबाबदार. म्हणजे कागदावर पाहता हिंदुस्थानचा धनी पार्लमेंट होय. पण हा धनी घरी क्वचितच सापडे! हिंदुस्थानचे अंदाजपत्रक अधिवेशनाच्या अगदी अखेरीस, सभासद सुट्टीवर जाण्याच्या घाईत असताना, रिकाम्या बाकांपुढे मांडले जाई. भारतमंत्र्याचे वेतन ब्रिटिश तिजोरीतून निघत नसे. तेही हिंदुस्थानच्याच महसुलातून दिले जाई, आणि ही रीत १९१९ च्या कायद्यापर्यंत चालली. वेतन पार्लमेंट देत नसल्यामुळे त्या वेतनाच्या निमित्ताने मंत्र्यास जाब विचारण्याची जी संधी इतर खात्यांच्या बाबतीत सभासदांस दरवर्षी मिळे, ती येथे नव्हती. १८६७ साली तुर्कस्तानचा सुलतान लंडनला आला, तेव्हा त्याच्या सन्मानार्थ इंडिया ऑफिसमध्ये नृत्यसमारंभ झाला आणि त्याचे बिल हिंदुस्थानच्या नावे पडले. यजमान कोण आणि खर्च कोणाचा, हे विचारणारा सभेत कोणी असावयास हवा होता.

तसे विचारणारे इंग्रज सज्जन अधूनमधून निघत. अंध प्राध्यापक हेन्री फॉसेट यांनी त्या समारंभाच्या खर्चाबद्दल आवाज उठविला. त्यांच्या मागे चार्ल्स ब्रॅडलॉ यांनी हिंदुस्थानची बाजू घेतली, आणि १८८९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय सभेस ते स्वतः हजर राहिले. परंतु फॉसेट १८८४ मध्ये वारले आणि ब्रॅडलॉ १८९१ मध्ये. परक्याने केलेली वकिली कितीही प्रामाणिक असली, तरी तो गेला की अशील पुन्हा निराधार होतो. आपला माणूस त्या सभेत पाहिजे, हा दादाभाईंचा आग्रह या अनुभवातून आला होता.

या वाटेने जाऊ पाहणारे ते पहिले नव्हेत. १८४१ मध्ये डाइस सोंबर नावाचे मिश्र वंशाचे एक गृहस्थ सडबरीतून निवडून आले होते. परंतु लाचलुचपतीच्या कारणावरून ती निवडणूकच पुढच्या वर्षी रद्द झाली. बंगालचे लालमोहन घोष १८८५ व १८८६ साली डेप्टफर्डमधून उभे राहिले आणि दोन्ही वेळा पडले. १८८६ मध्येच दादाभाई होबर्न येथून उभे राहिले. हातात वेळ थोडा, मतदारसंघ हुजूर पक्षाचा, ओळखदेख नाही. त्यांना १,९५० मते पडली, प्रतिस्पर्ध्यास ३,६५१. पराभव स्पष्ट होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते कलकत्त्यास राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले आणि पुन्हा विलायतेस परतले.

यानंतर एक विलक्षण गोष्ट घडली. ३० नोव्हेंबर १८८८ रोजी मुख्य प्रधान लॉर्ड सॉल्सबरी एडिंबरो येथे भाषण करीत होते. होबर्नच्या जुन्या निवडणुकीचा विषय निघाला असता ते म्हणाले, की मनुष्यजातीने कितीही प्रगती केली असली, तरी एखादा ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसास निवडून देईल इतकी मजल आली असेल असे आपणास वाटत नाही. सभेत हशा पिकला. बोलणारास त्यात विशेष काही वाटले नसावे. परंतु त्या एका शब्दाने जे काम केले, ते दादाभाईंच्या शेकडो व्याख्यानांनी झाले नसते. कालपर्यंत ज्यांचे नाव लंडनमध्ये मोजक्या लोकांस ठाऊक होते, ते दादाभाई वर्तमानपत्रांतून घरोघर पोचले. लिबरल पुढाऱ्यांनी मुख्य प्रधानाच्या या उद्गारांचा निषेध केला, आणि दादाभाईंच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. स्वतः दादाभाईंनी मात्र या अपमानाचे भांडवल केले नाही. त्यांचा स्वभावच असा होता, की शिवीला उत्तर द्यावयाचे तर ते आकड्यांनी द्यावे.

सेंट्रल फिन्सबरी हा क्लार्कनवेलच्या बाजूचा, घड्याळे करणाऱ्या व तत्सम कारागिरांच्या वस्तीचा भाग. तेथील लिबरल मंडळींनी १८८८ मध्ये दादाभाईंना उमेदवार म्हणून निवडले. पण या निवडीवरून पक्षातच भांडण लागले. रिचर्ड ईव्ह हे दुसरे इच्छुक होते, आणि काळ्या उमेदवारामुळे जागा हातची जाईल अशी भीती पक्षाच्या सूत्रधारांस वाटत होती. त्यांनी माघार घ्यावी म्हणून बाहेरून दडपण आले. प्रतिपक्षाचा उपहास सोसणे एक वेळ सोपे. स्वपक्षाची ‘आता आपण बाजूला व्हा’ ही सभ्य सूचना सोसणे कठीण. दादाभाई हलले नाहीत. चार वर्षे त्यांनी त्या भागात राबण्यात घालविली. आयर्लंडचे स्वराज्य, कामगारांच्या कामाचे तास, स्त्रियांचा मताधिकार या प्रश्नांवर त्यांनी आपली मते उघड मांडली. फिन्सबरीच्या मतदारास हिंदुस्थानच्या दारिद्र्याची कथा ऐकवावयाची, तर प्रथम त्याच्या स्वतःच्या घरची अडचण आपण ऐकली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. १८९२ च्या निवडणुकीत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यासारख्या वंद्य बाईंनी त्यांना पाठिंबा दिला. आणि वर सांगितल्याप्रमाणे तीन मतांनी का होईना, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी दादाभाई निवडून आले.

सभागृहात पाऊल टाकताना शपथ घ्यावयाची असते. या शपथेचा इतिहास अल्पसंख्यांच्या दृष्टीने मोठा बोधक आहे. ज्यू समाजाचे लायनेल रॉथ्‌शिल्ड १८४७ मध्ये निवडून आले. परंतु ख्रिस्ती श्रद्धेचे शब्द उच्चारण्यास ते तयार नसल्यामुळे त्यांना आपल्या जागेवर बसावयास १८५८ साल उजाडले. निरीश्वरवादी ब्रॅडलॉ १८८० मध्ये निवडून आले, त्यांना सहा वर्षे दारात झगडावे लागले. या मंडळींनी आधी वाट मोकळी केली होती, म्हणूनच दादाभाईंनी आपला ‘खोर्देह अवेस्ता’ हाती धरून शपथ घेतली तेव्हा कोणी अडथळा आणला नाही. एका अल्पसंख्याने सोसलेल्या त्रासाचे फळ पुष्कळदा दुसऱ्या अल्पसंख्यास मिळते, त्याचे हे उदाहरण होय.

९ ऑगस्ट १८९२ रोजी दादाभाईंनी सभेत पहिले भाषण केले. नव्या सभासदाने इतक्या लवकर बोलणे हे धाडस आहे, पण आपली निवडणूक ही अपूर्व घटना असल्यामुळे बोलल्यावाचून राहवत नाही, अशा आशयाच्या नम्र शब्दांनी त्यांनी आरंभ केला, आणि ब्रिटिश जनतेच्या न्यायबुद्धीवर आपला विश्वास असल्याचे सांगितले. दोन दिवसांनी, ११ तारखेस, सॉल्सबरी सरकारवरील अविश्वासाच्या ठरावावर मते घेण्यात आली. विरुद्ध ३५०, बाजूने ३१०, सरकार पडले. ज्या मुख्य प्रधानास ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसास निवडील अशी कल्पना करवत नव्हती, त्याचे मंत्रिमंडळ गेले. आणि त्याच सभेत फिन्सबरीचा तो काळा माणूस विजयी पक्षाच्या बाकांवर बसलेला होता.

येथपर्यंतची कथा एखाद्या सुखान्त नाटकासारखी वाटते. खरी परीक्षा पुढेच होती. आता स्वपक्षाचे राज्य आले होते. मुख्य प्रधान ग्लॅडस्टन, सभेत मित्रांची उणीव नाही. मुंबई इलाख्यात सनदी नोकरी केलेले सर विल्यम वेडरबर्न १८९३ मध्ये निवडून आले. त्यांच्या व केन यांच्या साहाय्याने हिंदी प्रश्नांत लक्ष घालणाऱ्या सभासदांची एक समितीच पार्लमेंटात स्थापन झाली, आणि दीडशेहून अधिक सभासदांनी तिला आपली नावे दिली. दादाभाई हे लष्करी खर्च, चलन, नोकऱ्या, दुष्काळ या बाबतींत एकामागून एक प्रश्न विचारीत. सभेत ते नियमाने बसत आणि सभ्यपणाची रेषा कधी ओलांडीत नसत. आता या सगळ्या अनुकूलतेतून काय निष्पन्न होते, ते पाहावयाचे होते.

त्याची कसोटी २ जून १८९३ च्या रात्री लागली. प्रश्न सनदी नोकरीच्या परीक्षेचा होता. हिंदुस्थानातील कलेक्टर, न्यायाधीश इत्यादी वरिष्ठ जागा ज्या परीक्षेतून भरल्या जात, ती १८५५ पासून खुल्या चढाओढीची होती. १८३३ च्या कायद्याने व १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने धर्म, वंश वा वर्ण यांवरून कोणास नोकरीस अपात्र ठरविले जाणार नाही असे वचन दिलेले होते. परंतु परीक्षा होत असे ती केवळ लंडनमध्ये! अठरा-वीस वर्षांच्या मुलास सहा हजार मैलांवर पाठवावयाचे, त्यासाठी घर गहाण टाकावयाचे, समुद्रपर्यटनाबद्दल जातीचा बहिष्कार सोसावयाचा, आणि एवढे करून तो नापास झाला तर सगळेच बुडाले. दार उघडे होते, पण ते दार दुसऱ्या खंडात होते. म्हणून लंडन व हिंदुस्थान या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी, एकच परीक्षा घ्यावी आणि गुणानुक्रमे एकच यादी लावावी, एवढीच राष्ट्रीय सभेची मागणी होती.

हर्बर्ट पॉल या सभासदांनी तसा ठराव मांडला व दादाभाईंनी त्यास पुष्टी दिली. सरकारतर्फे उपभारतमंत्री रसेल यांनी विरोध केला. सभेत गर्दी नव्हती. मतमोजणी झाली तेव्हा ठरावाच्या बाजूने ८४ व विरुद्ध ७६ मते पडली. आठ मतांनी सरकारचा पराभव झाला! हिंदुस्थानात ही बातमी आली तेव्हा सुशिक्षित वर्गास किती आनंद झाला असेल, याची कल्पना आज करणे कठीण आहे. पुणे-मुंबईच्या घराघरांतून ज्या विद्यार्थ्यांनी केवळ पैशाच्या अडचणीमुळे ती परीक्षा मनातून काढून टाकली होती, त्यांना दार आता अंगणात येणार असे वाटले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दादाभाई लाहोर येथील राष्ट्रीय सभेच्या अध्यक्षस्थानासाठी मायदेशी आले, तेव्हा मुंबईने त्यांचे अपूर्व स्वागत केले. लाहोरच्या भाषणात त्यांनी आयर्लंडच्या मायकेल डॅव्हिट यांचा निरोप सांगितला. आयरिश स्वराज्यवादी सभासद एकूणएक तुमच्या पाठीशी आहेत, असा त्याचा आशय होता.

परंतु ठराव आणि कायदा यांत अंतर असते. कॉमन्स सभेचा ठराव म्हणजे सभेचे मत. त्याची अंमलबजावणी करणे मंत्र्यांच्या हाती. मंत्र्यांनी तो ठराव अभिप्रायासाठी हिंदुस्थान सरकारकडे धाडला. हिंदुस्थान सरकारने तो प्रांतिक सरकारांकडे पाठविला. म्हणजे ज्यांच्या जागांवर हिंदी तरुण येण्याचा संभव, त्यांनाच ते यावेत की नाही हे विचारण्यात आले! एकट्या मद्रास सरकारने अनुकूल मत दिले. बाकी सर्वांनी प्रतिकूल. ब्रिटिश सत्तेच्या सुरक्षिततेसाठी युरोपियन अधिकाऱ्यांचे विशिष्ट प्रमाण राहिलेच पाहिजे, असे एक कारण. परीक्षा येथे घेतली तर काही सुशिक्षित जातीच पुढे येतील, आणि मुसलमान, शीख आदी समाज मागे पडतील, असे दुसरे. पहिले कारण निदान प्रामाणिक होते. दुसऱ्यात, ज्यांना स्वतः काही द्यावयाचे मनात नाही त्यांनी अल्पसंख्यांची काळजी पुढे करावी, ही चमत्कारिक गोष्ट होती. आणि तिला उत्तर देणारा मनुष्य स्वतः एका अतिशय लहान अल्पसंख्य समाजातला होता! आपल्या नव्वद हजार पारश्यांसाठी वेगळे काही मागावे असे दादाभाईंनी मनात आणले नाही. जे मागितले, ते सर्वांसाठी. १८९४ मध्ये नवे भारतमंत्री सर हेन्री फाउलर यांनी ठराव अमलात येणार नसल्याचे कळविले, आणि त्या रात्रीचा विजय दप्तरात जाऊन पडला.

याच सुमारास आयर्लंडच्या स्वराज्याचे बिल कॉमन्स सभेने मंजूर केले, आणि लॉर्ड्स सभेने सप्टेंबर १८९३ मध्ये ते ४१ विरुद्ध ४१९ मतांनी फेकून दिले. आयर्लंडचे ऐंशीच्या घरात सभासद असूनही ही गत. मग एका हिंदी सभासदाने काय करावे? दादाभाई निराश झाले नाहीत असे म्हणणे सोपे आहे. परंतु त्यांच्या बोलण्यात यानंतर एक निराळा सूर येऊ लागला हे खरे. वचन दिले, वचन मोडले, हे शब्द त्यांच्या भाषणांतून पुनःपुन्हा येतात.

त्यांनी मग आपले जुने शस्त्र, आकडे, हाती घेतले. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यामध्ये खर्चाची न्याय्य वाटणी व्हावी अशी सूचना सभेपुढे मांडली. अबिसीनियाची १८६७-६८ ची स्वारी, १८८२ ची ईजिप्तमधील मोहीम अशा साम्राज्याच्या कामांस हिंदी सैन्य जावयाचे आणि त्याच्या खर्चाचा भार हिंदी रयतेवर पडावयाचा, हा कोठला न्याय, असा त्यांचा प्रश्न होता. त्याच वर्षी लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली हिंदी खर्चाच्या चौकशीसाठी शाही कमिशन नेमण्यात आले, आणि त्यावर वेडरबर्न व केन यांच्याबरोबर दादाभाईंचीही नेमणूक झाली.  कमिशनर म्हणून त्यांनी अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले, आणि मग स्वतः साक्षीदाराच्या खुर्चीत बसून इतरांच्या प्रश्नांस उत्तरे दिली. याच कमिशनपुढे १८९७ मध्ये साक्ष देण्यासाठी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातील एक तरुण प्राध्यापक लंडनला गेला. गोपाळ कृष्ण गोखले यांची राष्ट्रीय कीर्ती त्या साक्षीपासून सुरू होते. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी व सुब्रह्मण्य अय्यर यांच्याही साक्षी झाल्या. १९०० मध्ये कमिशनचा अहवाल निघाला तेव्हा दादाभाई, वेडरबर्न व केन या तिघांनी आपले भिन्न मत स्वतंत्रपणे नोंदविले. येथेही ते अल्पसंख्यच राहिले.

मात्र हे काम चालू असतानाच त्यांची पार्लमेंटातील जागा गेली होती. जुलै १८९५ च्या निवडणुकीत लिबरल पक्षाचा सर्वत्र पाडाव झाला व त्यात फिन्सबरीही गेली. गंमत अशी, की त्याच निवडणुकीत दुसरा एक पारशी गृहस्थ लंडनमधूनच निवडून आला; पण तो हुजूर पक्षातर्फे. ईशान्य बेथनल ग्रीनचे हे सभासद सर मंचरजी भावनगरी. ब्रिटिश राज्याचे ते कट्टर पुरस्कर्ते होते व राष्ट्रीय सभेच्या मागण्यांस त्यांचा विरोध असे. त्यांच्या नावावरही कोटी झालीच. ‘लवा आणि होय म्हणा’ असा तिचा अर्थ. तथापि दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या गाऱ्हाण्यांसाठी त्यांनी पार्लमेंटात खटपट केली, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. १९०६ पर्यंत ते सभासद होते. एकाच लहानशा समाजातील दोघे, एकाच शहरातून निवडून येतात, आणि एक सत्तेस प्रश्न विचारतो, तर दुसरा सत्तेचे समर्थन करतो. मनुष्य अल्पसंख्य समाजातून आला एवढ्यावरून तो कोणाच्या बाजूने बोलेल हे ठरत नाही, ही गोष्ट या जोडीने त्या काळीच सिद्ध केली.

१९०६ मध्ये ऐंशी वर्षांच्या दादाभाईंनी नॉर्थ लॅम्बेथमधून पुन्हा एकदा निवडणूक लढविली. त्या वर्षी लिबरल पक्षास प्रचंड यश मिळाले. परंतु दादाभाई पक्षाच्या आश्रयाशिवाय उभे होते, आणि ते पडले. त्यानंतर काही महिन्यांनीच त्यांना कलकत्त्याचे निमंत्रण आले. राष्ट्रीय सभेत तेव्हा नेमस्त व जहाल असे दोन तट पडले होते, आणि दोघांनाही मान्य होईल असे एकच नाव उरले होते. डिसेंबर १९०६ च्या त्या अधिवेशनात वृद्ध अध्यक्षांचा आवाज पोचेना, म्हणून त्यांचे भाषण गोखल्यांनी वाचून दाखविले. पण त्यातील एक शब्द साऱ्या देशाने ऐकला. युनायटेड किंग्डमला किंवा वसाहतींना आहे तसे स्वराज्य, हे आपल्या सर्व मागण्यांचे सार म्हणून त्यांनी सांगितले.

ज्या मनुष्याने १८९२ मध्ये ब्रिटिश न्यायबुद्धीवरील विश्वास उच्चारून पार्लमेंटात पहिले भाषण केले, त्याने चौदा वर्षांनी स्वराज्याचा उच्चार करावा, याचा अर्थ काय? त्यांनी मत बदलले असे म्हणावे काय? वस्तुतः तसे नाही. त्यांनी प्रयोग केला होता. हिंदी मनुष्य तेथे निवडून येऊ शकेल काय? निवडून आला. त्याचे ऐकून घेतले जाईल काय? आदराने ऐकले गेले. त्याच्या बाजूने सभा मत देईल काय? तेही दिले. आणि एवढे सगळे होऊनही काहीच बदलले नाही, हा त्या प्रयोगाचा निष्कर्ष. दोष वक्त्याचा नव्हता, युक्तिवादाचा नव्हता, मतांचाही नव्हता. ज्यांना मत नाही त्यांचा कारभार दुसऱ्यांच्या मतांवर चालतो, तोपर्यंत जिंकलेला ठरावसुद्धा त्यांच्या उपयोगाचा नसतो, हे त्या गणिताच्या प्राध्यापकाने स्वतः करून पाहिले व देशापुढे मांडले. हे न करताच कोणी स्वराज्य मागितले असते, तर आधी पार्लमेंटाकडे दाद का मागितली नाही, असे त्यास विचारता आले असते. १८९३ नंतर तो प्रश्न विचारण्याची सोय उरली नाही.

दादाभाई ३० जून १९१७ रोजी मुंबईस वारले. सनदी नोकरीची परीक्षा हिंदुस्थानात प्रथम घेण्यात आली ती १९२२ मध्ये. ठराव मंजूर झाल्यापासून एकोणतीस वर्षांनी, आणि त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. ज्या विद्यार्थ्यांसाठी त्या रात्री मते पडली होती, ते तोवर पन्नाशीस टेकले होते. ज्यांनी १९२२ च्या परीक्षेस प्रथम येथे बसून उत्तरे लिहिली, त्यांतील बहुतेकांचा जन्मही १८९३ मध्ये झालेला नव्हता.

अल्पसंख्याच्या प्रतिनिधीस विजय क्वचितच मिळतो, आणि मिळाला तरी तो पुष्कळदा त्याच्या हातात टिकत नाही. त्याचे काम नोंदीचे असते. मागितले काय, उत्तर काय मिळाले, वचन कोणी दिले आणि कोणी मोडले, हे सर्व सत्तेच्याच दप्तरात, सत्तेच्याच भाषेत, तारीखवार लिहून ठेवावयाचे. दादाभाईंनी तीन वर्षांत हे केले. तीन मतांचे ते आधिक्य तीन वर्षांनी संपले. त्या नोंदीचा उपयोग मात्र गोखल्यांपासून पुढच्या सर्व पिढ्यांनी केला.